फुल की मिनी? सुटलेल्या पोटाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

हा आपल्या आजच्या भागाचा लिखित मजकूर. लोकलच्या गर्दीत आवाज नीट येत नसेल किंवा इअरफोन घरी राहिले असतील, तर वाचून काढा. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

सुरुवात एका मराठी शब्दापासून करू. आपण 'पोट वाढलंय' असं म्हणतो आणि 'पोट सुटलंय' असंही म्हणतो. रोजच्या बोलण्यात दोन्हींचा अर्थ एकच. पण ऑपरेशन थिएटरमध्ये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढलेलं पोट म्हणजे साठलेली चरबी. सुटलेलं पोट म्हणजे आधी जे ताणून, धरून ठेवलेलं होतं ते सैल पडलं. कातडी सैल पडली, आतल्या स्नायूंची शिवण सैल पडली. टमी टक, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी, हे मुळात सुटलेल्या पोटाचं ऑपरेशन आहे. वाढलेल्या पोटाचं नाही. हा एवढा फरक डोक्यात ठेवलात तर पुढचा सगळा इतिहास सोपा जाईल.

आजचा प्रश्न असा. टमी टकचे दोन प्रकार सर्रास ऐकू येतात, फुल आणि मिनी. रील्समध्ये ते असे दाखवले जातात जणू एखाद्या अ‍ॅपचे दोन प्लॅन आहेत. मिनी म्हणजे लाइट व्हर्जन: कमी पैसे, छोटा व्रण, लवकर सुट्टी. फुल म्हणजे प्रीमियम. मग साहजिकच वाटतं, आधी मिनी करून बघू, नाही जमलं तर अपग्रेड करू. पण हे दोन प्रकार वेगळे का झाले, कधी झाले, हे बघितलं की कळतं, हा प्लॅन निवडण्याचा मामला नाहीच. तुमचं पोट कुठे आणि किती सुटलंय, त्यावर हे ठरतं.

साडेसात किलोंचं ओझं

१८९० मध्ये फ्रान्समध्ये डेमार्स आणि मार्क्स या डॉक्टरांनी पोटावरची जास्तीची कातडी आणि चरबी कापून काढल्याची नोंद केली. पण या ऑपरेशनच्या इतिहासात सगळ्यात जास्त सांगितली जाते ती १८९९ ची केस. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल आहे. तिथे हॉवर्ड केली नावाचे डॉक्टर होते. ते प्लास्टिक सर्जन नव्हते, स्त्रीरोगतज्ज्ञ होते. त्यांनी एका बाईच्या पोटावरून लोंबणारा कातडी-चरबीचा पदर आडवा छेद घेऊन काढला. वजन ७४५० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ साडेसात किलो. लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी ३१.

आता इथे जरा थांबा. त्या बाईंना कुठल्या समारंभाला सडपातळ दिसायचं नव्हतं. साडेसात किलोंची पिशवी कंबरेला बांधून दिवसभर वावरून बघा. पाठ दुखते, चालणं कठीण होतं, आणि त्या घडीखालची कातडी घामानं ओली राहून सोलवटते. केलींनी ओझं उतरवलं. म्हणजे हे ऑपरेशन जन्माला आलं ते 'कॉस्मेटिक' म्हणून नव्हे. आज मात्र आपल्याकडच्या आरोग्य विम्यात हे बहुतेक वेळा सौंदर्य-शस्त्रक्रिया म्हणून वगळलेलं असतं, आणि खर्च खिशातून करावा लागतो.

केलींच्या त्या ऑपरेशनमध्ये एक गोष्ट राहिली नाही. बेंबी! कापलेल्या भागाबरोबर ती पण गेली. तेव्हा त्याचं फारसं कुणाला वाटलंही नसावं. पण पुढची साठ-सत्तर वर्षं या ऑपरेशनची बरीचशी कहाणी म्हणजे बेंबीची कहाणी आहे.

बेंबीचा देठ

आपण म्हणतो ना, 'बेंबीच्या देठापासून ओरडला'. तो देठ खरोखर असतो. बेंबी वरून खळगी दिसते, पण खाली ती एका छोट्या देठानं पोटाच्या पडद्याला जोडलेली असते. सर्जनही त्याला देठच म्हणतात, त्यांच्या भाषेत. फुल आणि मिनी यातला सगळ्यात ठळक फरक या देठाशी येऊन थांबतो.

१९०५ च्या सुमारास फ्रान्समध्ये गोदे आणि मोरेस्तँ यांनी बेंबीजवळचा हर्निया दुरुस्त करताना जास्तीची कातडी काढली आणि बेंबी मात्र जपली. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या बॅबकॉक यांनी उभा छेद घेतला. १९२० च्या दशकात शिकागोचे मॅक्स थोरेक यांनी बेंबी काढून पुन्हा कलम लावावं तशी बसवली. प्रत्येकाचा छेद वेगळा: कुणाचा आडवा, कुणाचा उभा, कुणाचा तीन पानांसारखा.

मग १९५७ साली व्हर्नन यांनी आज ज्याला आपण फुल टमी टक म्हणतो त्याचा सांगाडा मांडला. कल्पना अशी: छेद खाली, ओटीपोटाच्या तळाशी घ्यायचा. तिथून कातडी-चरबीचा थर वरच्या दिशेनं, बरगड्यांपर्यंत, स्नायूंवरून सोडवत न्यायचा. वाटेत बेंबी येते. तिच्याभोवती गोल छेद घेऊन तिला देठावर जागच्या जागी सोडायचं. मग वरचा सगळा थर खाली ओढायचा, जास्तीचा कापायचा, आणि बेंबीसाठी त्या थरात नवं भोक पाडून तिला बाहेर काढायचं. म्हणजे बेंबी हलत नाही, तिच्याभोवतीची कातडी हलते. लोकांना उलट वाटतं.

१९६७ मध्ये ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी लागोपाठच्या ३०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पितांगी हे नाव प्लास्टिक सर्जरीत फार मोठं. १९६१ मध्ये रिओजवळ नितेरोई इथे सर्कसच्या तंबूला भीषण आग लागली होती. भाजलेल्या माणसांवर उपचार करणाऱ्यांत ते होते. पुढे त्यांनी श्रीमंतांची ऑपरेशनं केली आणि रिओच्या धर्मादाय रुग्णालयात गरिबांचीही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची मशाल हातात धरल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते गेले.

व्रण खाली सरकण्याचं कारण वैद्यकीय होतं, तसंच कपड्यांचंही होतं. १९४६ मध्ये पॅरिसला लुई रेआरनं बिकिनी बाजारात आणली. उभा व्रण तिच्यात लपणार कसा? १९७३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फ्रेडरिक ग्रेझर यांनी तर छेद बिकिनीच्या रेषेतच घ्यायची पद्धत मांडली. एका ओझं उतरवणाऱ्या ऑपरेशनचं 'दिसण्याचं' ऑपरेशन झालं ते साधारण या काळात.

पुण्याचं नाक आणि पोटाचा रक्तपुरवठा

आता एक गोष्ट आपल्या जवळची. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक हकीगत छापून आली. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला, त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका कारागिरानं त्याच्या कपाळावरची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. यातली खुबी अशी की कातडीचा तुकडा पूर्ण सुटा केला नव्हता. एक टोक जोडलेलं ठेवलं, म्हणजे त्यातून रक्त येत राहील. ही हकीगत वाचून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तसंच ऑपरेशन केलं.

टमी टकचं याच्याशी काय देणंघेणं? तत्त्व तेच. कातडी ओढा, वळवा, काहीही करा. रक्तपुरवठा तुटला की ती मरते. फुल टमी टकमध्ये थर बरगड्यांपर्यंत सोडवताना मधल्या स्नायूंमधून वर येणाऱ्या रक्तवाहिन्या कापल्या जातात. मग तो थर जगतो कशावर? १९७९ मध्ये विल्यम ह्यूगर यांनी पोटाच्या रक्तपुरवठ्याचे विभाग पाडून याचं उत्तर दिलं: दोन्ही बाजूंनी, बरगड्यांच्या आणि कंबरेच्या अंगानं येणाऱ्या वाहिन्यांवर. म्हणजे फुलमध्ये पोटाची कातडी बाजूच्या रस्त्यांवर अवलंबून असते, हायवे बंद असतो. म्हणूनच सर्जन सिगारेट कित्येक आठवडे आधीपासून बंद करायला सांगतात. निकोटिननं त्या बारीक वाहिन्या आकसतात, आणि सगळ्यात जास्त ताण असलेली खालची-मधली कातडी काळी पडू शकते. व्हेपही त्यातच आलं बरं का.

१७ मृत्यू

१९७७ मध्ये ग्रेझर आणि गोल्डविन यांनी एक काम केलं जे मला या सगळ्या इतिहासातलं फार मोलाचं वाटतं. त्यांनी सर्जन लोकांना प्रश्नावली पाठवली: तुमच्या ऑपरेशनमध्ये काय काय बिघडलं, सांगा. १०,४९० ऑपरेशनांची माहिती जमली. त्यात १७ मृत्यू होते. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण १.१ टक्के, ती गुठळी फुफ्फुसात जाण्याचं ०.८ टक्के.

ही पन्नास वर्षांपूर्वीची आकडेवारी आहे. तेव्हापासून भूल सुधारली, ऑपरेशनच्या दिवशीच पेशंटला उठवून चालवतात, गुठळीचा धोका आधी मोजून औषधं देतात. पण गुठळीचा धोका संपलेला नाही. स्नायू आवळून शिवले की पोटातला दाब वाढतो, पायाकडून परतणारं रक्त मंदावतं, आणि माणूस वाकून, दुखतंय म्हणून पडून राहतो.

२००७ च्या नोव्हेंबरमध्ये रॅपर कान्ये वेस्टची आई डोंडा वेस्ट, वय ५८, पोट आणि छातीच्या कॉस्मेटिक ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी वारल्या. त्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असल्याचं शवविच्छेदनात दिसलं. त्यानंतर २००९ मध्ये कॅलिफोर्नियानं त्यांच्या नावानं ओळखला जाणारा कायदा केला: कॉस्मेटिक ऑपरेशनआधी शारीरिक तपासणी आणि डॉक्टरांची लेखी परवानगी हवीच. 'छोटंसं तर आहे' असं म्हणून तपासण्या टाळण्याआधी हे आठवा. मिनीसुद्धा ऑपरेशनच आहे.

मिनी आलं कुठून?

१९७० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सच्या इव्ह-जेरार्ड इलूझ यांनी बोथट नळीनं चरबी ओढून घ्यायची पद्धत, म्हणजे लायपोसक्शन, रुळवली. त्याआधी चरबी काढायची तर कातडी कापणं आलंच. आता दोन्ही कामं वेगळी करता येऊ लागली. आणि मग प्रश्न उभा राहिला: ज्या बाईची चरबी नळीनं निघते आणि कातडी फक्त बेंबीखाली थोडीशी सैल आहे, तिला कंबरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत कापायचं कशाला?

१९८६ मध्ये विल्किन्सन आणि स्वार्ट्झ यांनी 'मर्यादित' अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी मांडली. १९८७ मध्ये ग्रेमिंगर यांच्या लेखात थेट 'मिनी' हा शब्द आला. १९८८ मध्ये ब्राझीलच्या बोझोला आणि प्सिलाकिस यांनी पोटांची वर्गवारी केली, आणि न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन माटारासो यांनी चार टप्प्यांची यादी दिली. पहिला टप्पा फक्त लायपोसक्शन. दुसरा मिनी. तिसरा मधला. चौथा फुल. आणि टप्पा ठरतो तीन गोष्टींवर: कातडी किती सैल, चरबी किती, स्नायूंची शिवण किती उसवलेली.

म्हणजे बघा, मिनी हे फुलचं स्वस्त रूप म्हणून निघालंच नाही. ज्यांना फुलची गरज नव्हती पण फक्त लायपोसक्शन पुरत नव्हतं, अशा मधल्या लोकांसाठी ते निघालं. आणि असे लोक थोडे असतात. सडपातळ बांधा, वजन स्थिर, बेंबीच्या वर सगळं ठीक, खाली थोडी घडी.

तर मग फरक काय?

मिनीमध्ये छेद छोटा, साधारण सिझरच्या व्रणापेक्षा थोडा लांब. पुष्कळदा जुन्या सिझरच्या व्रणातूनच घेतात. थर बेंबीपर्यंतच सोडवतात. बेंबीभोवती व्रण येत नाही. स्नायू शिवले तर बेंबीखालचेच. काही सर्जन बेंबीचा देठ खालून सोडवून वरचे स्नायूही शिवतात आणि बेंबी दोनेक सेंटिमीटर खाली बसवतात, पण ती निवड ठरावीक पोटांसाठीच. बसून करायच्या कामावर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत परत जाता येतं.

फुलमध्ये छेद कंबरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बेंबीभोवती दुसरा व्रण. स्नायूंची शिवण बरगड्यांच्या मध्यापासून ओटीपोटापर्यंत. आत पाणी साठू नये म्हणून बऱ्याचदा नळ्या ठेवतात. कामावर परतायला दोन ते चार आठवडे, जड उचलायला सहा आठवडे. तान्हं किंवा चालायला न शिकलेलं बाळ घरी असेल तर हे सहा आठवडे कोण उचलणार त्याला, ही गोष्ट व्रणाच्या लांबीपेक्षा महत्त्वाची आहे.

आता चुकीच्या निवडीचं काय होतं? बेंबीच्या वरही पोट सुटलेलं असताना मिनी केलं, तर खालचा भाग सपाट होतो आणि वरचा फुगवटा उलट जास्त डोळ्यांत भरतो. बाळंतपणानंतर दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेले असतात, तेव्हा ती फट बेंबीच्या वरही असते. खालचीच शिवली तर अर्धं काम झालं. मग दुसरं ऑपरेशन, दुसरी भूल, दुसरा खर्च. याच्या उलट, कातडी पुरेशी सैल नसताना फुल केलं, तर बेंबीचं जुनं भोक छेदाच्या रेषेपर्यंत खाली येत नाही, आणि मधोमध एक छोटा उभा व्रण कायमचा राहतो.

घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. उताणं झोपा, गुडघे वाकवा, हात न लावता डोकं थोडं उचला. पोटाच्या मधोमध उभा उंचवटा आला आणि तो बेंबीच्या वर जात असेल, तर मिनीची जाहिरात जरा बाजूला ठेवा. हे निदान नाही, फक्त सर्जनला विचारायचा प्रश्न आहे. स्नायूंची फट असेल तर आधी फिजिओथेरपिस्टलाही भेटा. व्यायामानं सगळ्यांची फट मिटत नाही, पण ताकद येते, आणि काहींना तेवढं पुरतं.

आणि वाढलेलं पोट?

इथे पुन्हा पुण्याचं नाव येतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. शेजारी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. वरून बारीक, आतून चरबी: हा आपल्याकडचा नेहमीचा साचा. डेस्कवर बसणाऱ्या आपल्यासारख्यांचं पुढे आलेलं पोट पुष्कळदा याच आतल्या, आतड्यांभोवतीच्या चरबीचं असतं. ती स्नायूंच्या मागे असते. फुल असो की मिनी, सर्जन तिथे हात घालतच नाही. टणक, गोल, चिमटीत न येणारं पोट असेल तर ऑपरेशनच्या चौकशीआधी साखर तपासून घ्या.

अजून दोन गोष्टी ज्या रील्समध्ये येत नाहीत. एक, पुढे मूल हवं असेल तर थांबा. टमी टकनंतर गरोदर राहता येतं, पण शिवलेलं पुन्हा ताणलं जातं. दोन, १९८२ मध्ये कार्ल हार्ट्रँफ यांनी स्तनाच्या कर्करोगानंतर पोटाच्या याच कातडी-चरबीतून नवा स्तन घडवायची पद्धत मांडली. फुल टमी टकनंतर तो साठा उरत नाही. घरात आई, मावशी, बहीण यांना स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर सर्जनला हे आवर्जून सांगा.

पूर्वी बाळंतिणीचं पोट बांधायचे. अजूनही बांधतात. 'पोट सुटेल' ही काळजी आपल्या आज्यांना होतीच, आणि शब्दही त्यांनी बरोबर निवडला होता. म्हणून सल्लागाराकडे गेलात की 'फुलचे किती आणि मिनीचे किती' हा पहिला प्रश्न करू नका. विचारा: माझी कातडी कुठे सैल आहे? स्नायूंची फट किती आणि कुठपर्यंत? गुठळीचा माझा धोका किती धरलाय? आणि तुमचं शिक्षण प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच किंवा डीएनबी आहे का? यावर समोरची व्यक्ती पोट न तपासता थेट पॅकेज सांगायला लागली, तर फाइल उचला आणि बाहेर या.

आजच्यापुरतं एवढंच. ज्या मैत्रिणीनं किंवा वहिनीनं तुम्हाला याबद्दल हळूच विचारलंय, तिला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात!